खांब रोवायचा कोणाच्या परवानगीने? कार्ल्याच्या राजाज्ञेपासून लोणावळ्याच्या दिव्याच्या खांबापर्यंत

१.
मोबाइलचा मनोरा म्हटले की उंच लोखंडी सांगाडा डोळ्यांसमोर येतो. गेल्या काही वर्षांत या सांगाड्याला एक लहान भावंड मिळाले आहे. ते दिव्याच्या खांबावर, बसथांब्याच्या छपरावर किंवा दुकानाच्या भिंतीवर बसते. त्याला ‘स्मॉल सेल’ म्हणतात. भारतीय नियमांत त्याची व्याख्या आहे: कमी शक्तीचे, दहा मीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत पोहोचणारे मोबाइल केंद्र. पेटी लहान आहे. पण ती कुठे बसवायची, कशी दिसावी आणि नाही म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा वाद फार जुना आहे. मावळात तर तो दगडावर कोरलेला सापडतो.

२.
कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात सातवाहन काळातील एक राजाज्ञा आहे. मामाड येथील अमात्याला ती उद्देशून आहे. मामाल-आहार या प्रदेशातील करजक गाव वलुरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिल्याचे तीत सांगितले आहे. वलुरक म्हणजे आजचे कार्ले आणि मामाल म्हणजे आजचे मावळ, असे अभ्यासक मानतात. दानाचे लेख पश्चिम घाटातील लेण्यांत पुष्कळ आढळतात. या लेखाचे वैशिष्ट्य दानाच्या पुढच्या ओळींत आहे.

३.
त्या ओळींत गावाला मिळालेल्या सवलती मोजल्या आहेत. राजपुरुषांनी या जमिनीत प्रवेश करू नये. तिला हात लावू नये. मिठासाठी तिथे खोदू नये. आजच्या भाषेत सांगायचे तर हा ‘राइट ऑफ वे’चा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्याच्या हक्काचा नियम आहे, फक्त उलट बाजूने लिहिलेला. सत्तेला कुठे शिरता येणार नाही, हे सत्तेनेच लिहून दिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी कोरून ठेवले. पुढच्या सगळ्या कथेत हा मुद्दा ध्यानात ठेवावा: नियम लिहिलेला होता, आधी लिहिलेला होता आणि उघड्यावर होता.

४.
आता सुमारे सतरा-अठरा शतके पुढे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. मुंबई आणि पुणे चाकांनी जोडले गेले. त्यानंतर सव्वीस वर्षांनी याच घाटात रेल्वेचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे, सुमारे सोळा मैलांची चढण, सर्वांत कठीण जागी ३७ फुटांमागे १ फूट चढ. १८६३ मध्ये ही चढण वाहतुकीस खुली झाली. बांधकामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. मावळ या प्रदेशाचे नवे भाग्य तेव्हा ठरले: दोन मोठ्या शहरांमधली वाट.

५.
रस्ता आणि रेल्वे यांच्या मधल्या काळात तिसरी वाट आली, ती तारेची. बंगालच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर विल्यम ओ’शॉनेसी याने १८३९ मध्ये कोलकात्यात तारेचे प्रयोग केले होते. डलहौसीच्या पाठिंब्याने पन्नाशीच्या दशकात त्याने देशभर तारा ओढल्या. १८५५ च्या फेब्रुवारीत ही सेवा जनतेस खुली झाली, तेव्हा तीन हजार मैलांहून अधिक तार उभी होती. मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून गेली. सह्याद्री ओलांडल्यावाचून मुंबईची तार दख्खनच्या पठारावर पोहोचणे शक्य नव्हते.

६.
या तारेची रचना स्थानिक परिस्थितीने ठरवली. युरोपात बारीक तार चाले. ओ’शॉनेसीने सुरुवातीला जाड लोखंडी सळई वापरली, कारण इथे तारेवर माकडे लोंबकळत आणि घारी-कावळे थव्याने बसत. बोरघाटातील एका रेल्वे ठाण्याचे नावच ‘मंकी हिल’ आहे, हे घाटातून प्रवास करणाऱ्यांना ठाऊक असते. संदेशवहनाचे साधन कसे घडवावे, हे जागा पाहून ठरते. भारतातील तारायंत्राच्या इतिहासाचा हा पहिला धडा होता. दुसरा धडा मात्र तंत्राचा नव्हता, कायद्याचा होता.

७.
१८५७ च्या उठावात ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या, खांब उखडले गेले. तार ही केवळ सोय नसून सत्तेची नस आहे, हे दोन्ही बाजूंना कळून चुकले. तारेसंबंधी पहिला कायदा १८५४ मध्ये झाला होता. पुढे १८६० आणि १८७६ मध्ये नवे कायदे आले. अखेर १८८५ चा ‘इंडियन टेलिग्राफ अॅक्ट’ आला आणि तो त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाला. मूळ सेवा बंद पडली तरी कायदा उरला, असे त्याचे विलक्षण आयुष्य आहे. भारतातील शेवटची तार जुलै २०१३ मध्ये गेली. कायदा त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ मोबाइलचा कारभार पाहत होता.

८.
या कायद्याचे दहावे कलम म्हणजे खांबाच्या राजकारणाचा पाया. तार खात्याने कोणत्याही स्थावर मालमत्तेवरून, खालून, कडेने किंवा आडवी तार न्यावी, तिच्यात खांब रोवावेत, अशी मुभा त्याने दिली. तिच्यासोबत चार अटी होत्या. काम सरकारी तारेचेच असावे. जमिनीची मालकी खात्याकडे जाणार नाही, केवळ वापराचा हक्क मिळेल. नुकसान शक्य तितके कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. चौथी अट सर्वांत महत्त्वाची: मालमत्ता स्थानिक संस्थेच्या ताब्यातील असेल, तर तिची परवानगी हवी.

९.
ही चौथी अट नीट समजून घेण्याजोगी आहे. शेतकऱ्याच्या शेतात खांब रोवायला त्याची परवानगी लागत नसे. त्याला फक्त भरपाईचा हक्क होता. त्याने अडवले, तर जिल्हा दंडाधिकारी सोळाव्या कलमाखाली खात्याला वाट मोकळी करून देऊ शकत होता. भरपाई कमी वाटली, तर दाद जिल्हा न्यायाधीशाकडे. नगरपालिकेचा रस्ता मात्र वेगळा. तिथे आधी विचारावे लागे आणि बाराव्या कलमानुसार नगरपालिका खर्च, वेळ व कामाची पद्धत यांबाबत रास्त अटी घालू शकत होती. खांबाच्या जागेबाबत स्थानिक नियम करण्याचे बीज इथे आहे.

१०.
लोणावळ्याच्या दृष्टीने हे बीज वेळेवर पडले. रेल्वेमुळे वाढलेल्या या गावाला १८७७ मध्येच नगरपालिका मिळाली होती. मावळातील तळेगाव दाभाडे येथेही त्याआधी नगरपालिका स्थापन झाली होती. म्हणजे १८८५ चा कायदा आला तेव्हा मावळात परवानगी देऊ शकणाऱ्या दोन संस्था होत्या. त्यांच्या हद्दीबाहेरच्या आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील गावांना मात्र तसे कवच नव्हते. एकाच तालुक्यात एका खांबाला विचारून यावे लागे, तर दुसरा न विचारता येई.

११.
तरी या कवचालाही छिद्र होते. तार खाते आणि स्थानिक संस्था यांच्यात वाद झाला, तर तो कोणी सोडवायचा? पंधराव्या कलमाने उत्तर दिले: सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने. त्यावरचे अपील पुन्हा सरकारकडेच आणि तो निर्णय अंतिम. ज्याच्या खांबाविषयी तक्रार, त्याचाच माणूस पंच. वसाहतवादी राज्यात याचे नवल वाटत नाही. नवल याचे की, स्वातंत्र्यानंतरही ही चौकट तशीच चालू राहिली.

१२.
याच कायद्यातील अठरावे कलम वाचताना हिरवागार मावळ आठवावा. एखादे झाड तारेला अडथळा करत असेल, तर दंडाधिकारी ते काढण्याचा हुकूम देऊ शके. पण झाड तारेच्या आधीपासून उभे असेल, तर त्याची रास्त भरपाई द्यावी लागे. जो आधी आला त्याचा मान मोठा, हे तत्त्व त्यात होते. आधी काय होते आणि नंतर काय आले, यावर हक्क ठरतो. लेण्यांच्या प्रदेशात हे तत्त्व फार दूरवर जाते. त्याकडे पुढे वळावे लागेल.

१३.
तारेचा कायदा लवकरच विजेच्या मदतीला धावला. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटे येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण होऊ लागली. वीज नेण्यासाठी मनोरे हवेत आणि मनोऱ्यांसाठी लोकांच्या जमिनी. १९१० च्या वीज कायद्याच्या ५१ व्या कलमाने त्याची सोय केली होती: सरकारने ठरवल्यास तार खात्याचे अधिकार वीज कंपनीला देता येत. २००३ च्या वीज कायद्यातही १६४ व्या कलमाच्या रूपाने ही सोय जिवंत आहे.

१४.
मावळाच्या शेजारी मुळशीत याच टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. तिथे प्रश्न भूसंपादनाचा होता. जमीनच बुडणार होती. खांबाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म. जमीन मालकाचीच राहते, सातबाऱ्यावर नावही त्याचेच राहते. फक्त तिच्यातून दुसऱ्याची वाट जाते. असा हक्क डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याविषयीचा असंतोषही उशिरा दिसतो. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. वाहिनी पाण्याची होती, पण ‘आमच्या भागातून काय जाणार हे कोण ठरवणार’ हा प्रश्न तोच होता.

१५.
बिनतारी युग आले, तेव्हा अनेकांना वाटले असेल की आता खांबांचा तंटा संपला. झाले उलटेच. तार कुठूनही वळवता येते. लहरींना मात्र उंची लागते, मोकळी दिशा लागते, शेजाऱ्यापासून अंतर लागते. १९२७ मध्ये ब्रिटनशी थेट बिनतारी संपर्क जोडणारी बीम सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी परिसरात आणि ग्रहण केंद्र दूर दौंडला होते. बोलणारा आणि ऐकणारा जवळ बसले, तर आपल्याच आवाजात समोरच्याचे क्षीण उत्तर बुडून जाते. १९३३ चा बिनतारी कायदा त्यामागोमाग आला आणि परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा ठरले.

१६.
पुणे जिल्ह्याने बिनतारी साधनांच्या जागेची दोन टोके पाहिली आहेत. १९७३ मध्ये मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात दिसावेत म्हणून सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला. उंच जागा हवी होती, ती गडाने दिली. दुसरे टोक जुन्नर तालुक्यातील खोडद. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत टिपतात. त्यांना उंची नको, शांतता हवी. भोवतालच्या डोंगरांचा आडोसा हा तिथला गुण ठरला. एका साधनासाठी डोंगर म्हणजे व्यासपीठ, दुसऱ्यासाठी भिंत. म्हणून सर्व ठिकाणांसाठी एकच नियम पुरत नाही.

१७.
३१ जुलै १९९५ रोजी भारतातील पहिला मोबाइल संवाद झाला आणि पुढच्या दोन दशकांत मनोरे गावोगावी पोहोचले. त्यांच्याबरोबर किरणोत्सर्जनाची भीतीही आली. १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्राने मनोऱ्यांच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. आरोग्याची मर्यादा अशी देशभर एकच ठरली. जागा आणि दिसणे यांचा प्रश्न मात्र स्थानिकच राहिला. या दोन बाबी वेगळ्या आहेत, आणि सभांमधून त्यांची सतत गल्लत होते.

१८.
१५ नोव्हेंबर २०१६ रोजी १८८५ च्याच कायद्याखाली नवे ‘राइट ऑफ वे’ नियम निघाले. त्यांनी स्थानिक संस्थेच्या परवानगीचे स्वरूप बदलले. अर्ज आल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा. नाकारायचे असेल, तर अर्जदाराचे म्हणणे ऐकावे आणि कारण लिहावे. मुदतीत काहीच केले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाईल. एकशे एकतीस वर्षे नगरपालिकेचे मौन म्हणजे ‘थांबा’ असा अर्थ होता. २०१६ नंतर त्याच मौनाचा अर्थ ‘चला’ असा झाला.

१९.
१७ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने स्मॉल सेलला नाव आणि दर दिला. दिव्याचे खांब, वाहतूक दिवे, बसथांबे यांना ‘स्ट्रीट फर्निचर’ म्हटले गेले. त्यावर स्मॉल सेल बसवण्याचे भाडे शहरी भागात वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५० रुपये. आठ मीटरपर्यंतच्या उभ्या साधनाला ‘खांब’ मानले गेले. त्यापलीकडचा तो मनोरा. खासगी इमारतीवर साधन बसवायचे, तर स्थानिक संस्थेची परवानगी नको. पूर्वसूचना आणि संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र पुरे. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने भोपाळ, बंगळूरची मेट्रो, दिल्लीचा विमानतळ आणि कांडला बंदर येथील प्रयोगांचा आधार घेऊन या विषयावर शिफारशी केल्या.

२०.
एवढी घाई कशासाठी? कारण भौतिकशास्त्रात आहे. फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये लिलाव झालेल्या लहरींत ३.३ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या आणि थेट २६ गिगाहर्ट्‌झच्याही लहरी होत्या. कंप्रता वाढते तशी माहिती वाहण्याची क्षमता वाढते, पण पल्ला घटतो. भिंत, झाड आणि डोंगराची कड यांपुढे उच्च कंप्रतेच्या लहरी हतबल होतात. सर्वांत वरच्या पट्ट्यातील लहरींना मुसळधार पाऊसही क्षीण करतो. लोणावळ्याचा पाऊस, खंडाळ्याच्या दऱ्या आणि पवन मावळातील डोंगरांच्या रांगा ध्यानात घेतल्या, की एका उंच मनोऱ्याऐवजी अनेक लहान पेट्या लागतात हे पटते.

२१.
संपर्क हवा यात मावळाला शंका असण्याचे कारण नाही. जुलै १९८९ मध्ये भाजे गावावर दरड कोसळली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आले, आणि तिथून बातमी बाहेर पडली. डोंगरउतारावरच्या वस्तीला मोबाइलचा संकेत हा मनोरंजनाचा प्रश्न नसतो. खांबाला विरोध करणाऱ्याने आणि खांब लादणाऱ्याने, दोघांनीही माळीणचे नाव आठवावे.

२२.
भाजे गाव या कथेचा मर्मबिंदू आहे. दरडीची आठवण असलेल्या या गावाच्या वरच भाजे लेणी आहेत. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी आणि लोहगड-विसापूर ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवतीचे पहिले १०० मीटर बांधकामाला निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येतून लोकांसाठीची पाण्याची आणि विजेची कामे व ‘तत्सम सुविधा’ वगळल्या आहेत. दूरसंचाराचे नाव तिथे नाही. ती तत्सम सुविधा मानायची की बांधकाम? एका शब्दाच्या अर्थावर एखाद्या वस्तीचा संपर्क आणि दोन हजार वर्षांच्या लेण्याचे दर्शन, दोन्ही टांगलेले राहू शकते.

२३.
जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. लोहगड त्यांतला एक. तेव्हापासून प्रश्न केवळ तटबंदीचा राहिला नाही. जो भूप्रदेश म्हणून गौरवला जातो, त्याचे क्षितिजही जपावे लागते. आठ मीटरचा खांब बाजारपेठेत कोणाच्या नजरेत येत नाही. उघड्या कड्यावर तोच खांब मैलभरावरून दिसतो. म्हणून रचनेचे नियम म्हणजे सौंदर्याचे लाड नव्हेत. रंग, उंची, लोंबणाऱ्या वायरी झाकणे, एका खांबावर किती पेट्या, दुसरा खांब किती अंतरावर, या साध्या गोष्टींनी गरज आणि वारसा यांत समेट घडतो.

२४.
हे नियम करायचे कोणी? इथे लोणावळ्याचे स्थान अनोखे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा आणि केंद्राने घोषित केलेले पर्यावरण-संवेदनशील प्रदेश तिच्यातून वगळले गेले. त्या यादीत एका नगरपरिषदेचे नाव स्वतंत्रपणे लिहिले आहे: लोणावळा. म्हणजे मावळातील इतर बहुतेक भागाला राज्याची सामाईक नियमावली आणि घाटमाथ्यावरच्या या गावाला स्वतःची. १८८५ मध्ये नगरपालिकेची हद्द ओलांडताच जसा नियम बदलत असे, तसाच तो आजही बदलतो.

२५.
परदेशांत हा झगडा कसा सुटला? अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांना मुदती घातल्या: असलेल्या खांबावर पेटी बसवायची तर ६० दिवस, नवा खांब असेल तर ९० दिवस. वर्षाला २७० डॉलरपर्यंतचे शुल्क रास्त मानले. शहरांनी न्यायालयात दाद मागितली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने मुदती आणि शुल्क कायम ठेवले. दिसण्याविषयीच्या स्थानिक अटींवर आयोगाने घातलेली काही बंधने मात्र रद्द केली. युरोपीय महासंघाने २०२० मध्ये वेगळी वाट धरली. पेटीचे दृश्य आकारमान ३० लिटरपेक्षा अधिक नसेल आणि ती परिसराशी विसंगत दिसत नसेल, तर परवानगीच नको. संरक्षित वास्तू आणि स्थळे मात्र अपवाद.

२६.
डिसेंबर २०२३ मध्ये भारताचा नवा दूरसंचार कायदा झाला. त्याखालचे ‘राइट ऑफ वे’ नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. सार्वजनिक जागेसाठी परवानगी नाकारायची, तर रास्त कारण लेखी द्यावे लागते. मुदतीचे तत्त्व कायम आहे. खासगी जागेसाठी आधी मालकाशी करार. तो न झाल्यास आणि सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास सरकार पुढचे पाऊल टाकू शकते. वाद जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे, भरपाईचा तंटा जिल्हा न्यायाधीशापुढे. १८८५ चा सोळावा कलम नव्या पोशाखात पुन्हा भेटतो.

२७.
या दीर्घ प्रवासात एक बदल निर्णायक ठरला. १८८५ मध्ये स्थानिक संस्थेची शक्ती तिच्या होकारात होती. तो मिळेपर्यंत खांब थांबे. आज ती शक्ती तिच्या आधी लिहिलेल्या नियमात आहे. अर्ज आल्यावर जाग आली, तर मुदत सरते आणि मौनाचा होकार होतो. कोणत्या रस्त्यावर कोणत्या रंगाचा खांब, कोणत्या कड्यावर अजिबात नाही, दरडीच्या उताराखालील कोणत्या वस्तीला सर्वांत आधी संपर्क, हे ज्या गावाने ठरवून जाहीर केले आहे त्याच्या नकाराला कारण असते आणि होकाराला अर्थ.

२८.
कार्ल्याच्या राजाज्ञेतील अमात्य, राजपुरुष आणि भिक्षू कधीच काळाआड गेले. करजक गावाचे उत्पन्न आज कोणाला जाते, याचा त्या लेखाशी संबंध उरलेला नाही. पण कुठे शिरू नये, काय खोदू नये, हे मामालाच्या त्या दगडावर अजून आहे. एकवीरेच्या दर्शनाला येणाऱ्या हजारो हातांत मोबाइल असतो आणि त्याच्या संकेताची वाट या डोंगरातूनच जाते. ती वाट आखताना मावळाला फार दूर पाहावे लागणार नाही. नियम आधी लिहावा, स्पष्ट लिहावा आणि सर्वांना दिसेल असा लिहावा, ही शिकवण त्याच्या सर्वांत जुन्या दाराशीच कोरलेली आहे.